शेत, करीना आणि साडेबारा रुपये

वणीच्या एका जिनिंगमध्ये कास्तकारांची बिलं अजून फॉक्सप्रोवर निघत होती. मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी फॉक्स कंपनी १९९२ साली विकत घेतली, २००७ साली नवी आवृत्ती येणार नाही म्हणून जाहीर केलं आणि २०१५च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. यातली एकही बातमी जिनिंगपर्यंत पोचली नव्हती. कोळशाची धूळ आणि कापसाचे तंतू खाऊन तो प्रोग्राम टुणटुणीत होता. नव्या कॉम्प्युटरवर चढेना, तेव्हा शेठजींनी मला बोलावलं. "सारं पायथनमधी टाकून दे."

पहिल्याच तक्त्यात भेटली 'शेतकरीना'. फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचं नाव १० अक्षरांपुढे जात नाही आणि 'शेतकरीनाव' रोमन लिपीत भरतं ११. शेवटचा 'व्ही' छाटला गेला, आणि तेव्हापासून वणी-मारेगावचा प्रत्येक कास्तकार करीनाच्या नावाखाली कापूस विकत होता.

हल्ली एआयला कोड दिला की चहा निवायच्या आत दुसऱ्या भाषेतला कोड हातात. आला, चाललाही. फक्त यादीतला पहिला कास्तकार गायब. फॉक्सप्रो एकपासून मोजतं, पायथन शून्यापासून. हे लगेच निस्तरलं.

हमालीचं नाही निस्तरलं. जुन्या बिलाशेजारी नवं धरून दिवाणजी म्हणाले, "भाऊ, रुपया कमी येऊन राहिला." साडेबाराचे फॉक्सप्रो तेरा करतं, आपण शाळेत करायचो तसंच. पायथन ३ बारा करतं. साडेतेराचे मात्र चौदा. बरोबर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे झुकायचं, म्हणजे मोठ्या बेरजेत फरक एकाच अंगाला साचत नाही. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. मी कागदावर मांडून दाखवलं. दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"बँकेची रीत बँकेत. हमालाले काय सांगू, तेरा विषम हाये म्हणून तुहा रुपया कापला?"

अर्ध्याला वर ढकलणारं वेगळं फंक्शन लिहिलं. त्याचं नाव 'दिवाणजी'.

याच वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी टिळकांचं अख्खं चरित्र संस्कृत श्लोकांत नेलं. त्या ग्रंथाला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काम थोरच. पण त्यांच्या खांद्यावरून वाकून कुणी हमालीची बेरीज पडताळत नव्हतं.

मग नावं. दिवाणजी नुसतं 'राम' टाइप करत आणि फॉक्सप्रो रामदास, रामराव, रामभाऊ सगळे हजर करी. उजवीकडची अक्षरं संपली की त्याची तुलना संपते; म्हणून तिथं 'रामदास = राम' खरं आणि 'राम = रामदास' खोटं. पायथनला दोन्ही खोटं. अर्धं नाव चालेल अशी सोय नव्यानं करून दिली.

दिवाणजींनी परीक्षा घेतली ती काहीच न लिहिता. नुसतं एंटर. रिकाम्या नावाशी फॉक्सप्रोत प्रत्येक नाव जुळायचं, आणि माझ्या सोयीतही जुळलं. मारेगावपासून झरीपर्यंतचे सारे कास्तकार पडद्यावर सरसर वर सरकू लागले.

"हां," दिवाणजी खुर्चीत रेलले, "आता झालं बराबर."