भाऊंचा मुक्काम

वऱ्हाडात घोडी बाळगणारी माणसं दोन प्रकारची. एकाची घोडी लग्नसराईत नवरदेव वाहते आणि घर चालवते. दुसऱ्याची घोडी काहीच वाहत नाही, घरच तिला वाहतं. भाऊ या दुसऱ्या प्रकारातले. त्यांचं खरं नाव विचारू नका. अकोला असो, मूर्तिजापूर असो की दर्यापूर, अशा माणसाला सगळे भाऊच म्हणतात आणि त्याच्या घोडीचं नाव बहुधा राणी असतं. दहा एकर कपाशी-तूर, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात गुळाचा खडा. खडा घोडीसाठी. चहात साखर कमी पडली तर मात्र तोच खडा भाऊंच्या कपात जातो.

लोक म्हणतात, भाऊंना घोडीचा शौक आहे. हे अर्धंच खरं. घोडी घेऊन गावाबाहेर पडायचं आणि परमुलखात एक छदाम न देता रात्र काढायची, हा भाऊंचा पूर्ण शौक. त्याचा हंगाम मार्गशीर्षात उघडतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा. तिथून पंधरवड्यात नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची, जिथं घोडे, गाढवं, उंट सगळेच विकायला येतात. मधल्या फटीत चांदूर बाजार तालुक्यातलं बहिरम, तिथली यात्रा २० डिसेंबरला लागते आणि महिनाभर उठत नाही. संक्रांत झाली की तळेगाव दशासरचा शंकरपट. पटात बैलजोड्या धावतात, घोडीचं तिथं काही काम नाही. तरी भाऊ तिला नेतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, “तिले पाह्यले आवडते.” सुप्रीम कोर्टानं २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा शौकिनांना जोड्यांचं दुःख झालं, भाऊंना वर्षाचा एक मुक्काम बुडाल्याचं. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं अटी घालून परवानगी दिली. पहिल्या पटाची तारीख लागायच्या आतच भाऊंनी ताडपत्री उन्हात टाकली होती.

हा सगळा हंगाम नेमका कापूस वेचणीचा. वहिनी बाया लावून कापूस घरात आणतात आणि भाऊ यात्रेला जातात. या विषयावर त्या घरात जे बोलणं होतं ते छापण्यासारखं नाही.

निघायची तयारी मात्र पाहण्यासारखी. घोडीला ‘छोटा हत्ती’ पुरत नाही, म्हणून शेजारच्या गावातल्या भाच्याची पिकअप. भाच्याला डिझेलचे पैसे मिळतात, भाडं मिळत नाही. भाड्याऐवजी त्याला जग पाहायला मिळतं, असा भाऊंचा हिशेब. पिकअपच्या तळाला रेतीची पोती, त्यावर कडबा, त्यावर राणी. उरलेल्या जागेत चण्याचं पोतं, चोकर, खराऱ्याचा ब्रश, तोबरा, आगाडी-पिछाडीचे दोर, चार मेखा, घण, पाण्याचे दोन निळे ड्रम, तवा आणि गोवऱ्या. भाऊंचं स्वतःचं सामान दुपट्ट्यात मावतं. पूर्वी अमरावती-अकोला रस्त्यानं घोडीच काय, बसलेला माणूसही हलून निघायचा. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला. भाऊ त्या विक्रमाचं श्रेय अधूनमधून राणीला देतात. तिनं इतक्या खेपा केल्या म्हणून सरकारला लाज वाटली, असं त्यांचं मत.

मलकापूर, भुसावळ, जळगाव मागे टाकत दोंडाईच्यावरून सारंगखेड्यात उतरलं की आधी एकमुखी दत्ताचं दर्शन. मग जागा. या जागेच्या बाबतीत भाऊंचा शब्द मोठमोठे व्यापारी मानतात. सखल भाग नको, पहाटेचं दव तिथं साचतं. घोड्यांची रांग जवळ नको, नाहीतर रात्रभर हिसके आणि खिंकाळ्या. पाण्याचा टँकर उभा राहतो तिथून हाकेच्या अंतरावर, पण उताराला नको, चिखल होतो. गुरांच्या डॉक्टरचा कॅम्प दिसेल इतका जवळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंजाबकडच्या किंवा राजस्थानातल्या एखाद्या बड्या शौकिनाच्या तळाला लागून. तिथं जनरेटर असतो. त्या जनरेटरवर त्याचा लाखमोलाचा नुकरा घोडा उजळून निघतो आणि जाताजाता भाऊंचा मोबाइलही चार्ज होतो. बदल्यात भाऊ त्या घोड्याची तारीफ करतात, आणि तारीफ करताना कंजूषपणा करत नाहीत. त्याचे भोवरे पाहतात, कानांची टोकं एकमेकांना टेकतात की नाही पाहतात, रेवाल चाल पाहून “वा वा” म्हणतात. रुमालाखाली बोटं धरून सौदे चालतात तिथं साक्षीदार म्हणून उभे राहतात. सौदा झाला की चहा येतो. साक्षीदारालाही येतो.

राणीविषयी विचारलं तर “मारवाडी हाय” म्हणतात. राणीचे कान मात्र एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एका राजस्थानी व्यापाऱ्यानं ते पाहून हसत विचारलं की, ही कुठली मारवाडी? भाऊ म्हणाले, “मामाच्या घरची.”

काही वर्षांपूर्वी या यात्रेला पर्यटन खात्यानं चेतक महोत्सव जोडला. नदीकाठी पांढरी तंबूनगरी उभी राहिली, आत पलंग, गादी, आरसा. भाऊ ती पाहून आले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अटकेपार गेले थे कोन्त्या तंबूत उतरले व्हते बा? पलंग व्हता काय तथी?” १७५८ साली मराठी फौजा अटकेला पोचल्या त्या भीमथडीच्या तट्टांवर, आणि त्या स्वारांनी घोड्याशेजारीच रात्री काढल्या, हे भाऊंच्या शास्त्राचं ऐतिहासिक अंग. सरदारांचे डेरे होते, शामियाने होते, हे मी एकदा काढून पाहिलं. भाऊंनी मला चहा दिला नाही.

शास्त्राचं आध्यात्मिक अंगही आहे, आणि ते जास्त भक्कम आहे. ‘गजानन विजय’ ग्रंथाचा नववा अध्याय भाऊंना पाठ आहे. टाकळीकर कीर्तनकारांचा द्वाड घोडा, कुणाला जवळ येऊ देईना, लाथा झाडायचा. आणि शेगावच्या महाराजांनी एका रात्री त्याच्याच चार पायांत जाऊन अंग टाकलं. घोडा गाईसारखा गरीब झाला. भाऊ हे सांगतात तेव्हा डोळ्यांत खरंच पाणी असतं. मग डोळे पुसून विचारतात, “महाराज निजले घोड्याच्या पायापाशी. अन् मी काय लॉजवर जाऊ?” याला उत्तर नाही. गाडगेबाबांचंही तसंच. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई जिथं-तिथं गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः खापर-काठी घेऊन उघड्यावर राहिले. भाऊ दोन्ही अर्ध्यांचे भक्त. घोडी बरोबर नसली की धर्मशाळेत उतरतात, असली की उघड्यावर.

रात्र पडली की भाऊंचा बिछाना लागतो. खाली ताडपत्री, त्यावर हातभर कडबा, त्यावर सतरंजी, उशाला चण्याचा तोबरा. पांघरायला घोडीची जुनी झूल, कारण नवी झूल घोडीच्या अंगावर असते. डिसेंबरात तापीवरून वारा सुटला की कानात सुई घातल्यासारखं होतं, पण भाऊ सांगतात, घोडीच्या अंगाची ऊब दोन हातांवर येते. एक रात्र मीही त्या सोयीचा लाभ घेतला. घोडी उभ्यानंच डुलक्या घेते. तिच्या पायांच्या सांध्यांना निसर्गानं कुलूप दिलंय, त्यामुळं झोपेतही ती पडत नाही. खरी आडवी होऊन झोपते ती थोडाच वेळ. म्हणजे रात्रीचा बहुतेक वेळ ती मोकळी असते, आणि मोकळी घोडी खाते. पहाटे माझी पाठ थेट जमिनीला लागली तेव्हा कळलं, की गादी रात्रभरात संपली. भाऊ बाजूला घोरत होते. त्यांनी स्वतःच्या बाजूला कडब्याऐवजी तुऱ्हाट्या घातल्या होत्या. तुऱ्हाट्या घोडी खात नाही. हे मला आदल्या रात्री सांगायचं राहून गेलं, असं ते म्हणाले.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट पाहिली, ती मात्र भाऊ कुणाला सांगत नाहीत. दर थोड्या वेळानं घोरणं थांबायचं. भाऊ उठायचे, चप्पल न घालता राणीजवळ जायचे, तिच्या कुशीला कान लावायचे, गुडगुड ऐकायचे, लीद पडली का ते बॅटरीनं बघायचे आणि परत येऊन पडायचे. घोड्याला उलटी होत नाही. चारा बदलला, पाणी बदललं, पोटात कळ उठली, तर वर यायला वाट नाही. पोटशूळानं चांगलं धडधाकट जनावर सकाळपर्यंत जातं. म्हणून चारा घरचा, म्हणून ते दोन निळे ड्रम. परक्या पाण्याला राणीनं तोंड लावलं नाही तर त्यात गुळाचा खडा विरघळवायचा आणि तिला फसवायचं. लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरून हे गुडगुडणं ऐकू येत नाही. पण भाऊ हे कारण पुढं करत नाहीत. चिक्कू म्हटलेलं त्यांना चालतं, घोडीसाठी जागतो म्हटलेलं चालत नाही.

बहिरमला मात्र वेगळा थाट. परतवाडा-बैतूल रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या लागतात आणि अर्धा वऱ्हाड तिथं बिऱ्हाड करतो. तिथं उघड्यावर राहण्याची प्रतिष्ठा आहे, त्यामुळं भाऊंना भाषण करावं लागत नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, शौकिनांसाठी मातीच्या हंडीतलं मटण. एका राहुटीत जेवायचं, दुसरीत गप्पा, तिसरीत निजायचं. तिन्ही राहुट्या दुसऱ्यांच्या. भाऊंचा वाटा असतो तो राणीचा: राहुटीवाल्यांची पोरं दिवसभर तिच्यावर बसतात आणि आयांना तेवढा निवांतपणा मिळतो. या व्यवहारात कोण फायद्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता वहीविषयी. भाऊंकडे एक लाल वही आहे. तिच्यात चार रकाने: गाव, रात्री, लॉजचा भाव, वाचले. भाव अंदाजे लिहायचा नाही, हा भाऊंचा प्रामाणिकपणा. म्हणून ते गावातल्या लॉजमध्ये खरोखर जातात. खोली उघडून मागतात. गादी दाबून पाहतात, गरम पाणी किती वाजेपर्यंत ते विचारतात, पंख्याचं बटण दाबतात. शेवटी मॅनेजरला म्हणतात, “सगळं ठीक हाय. घोडी कोठी बांधा लागते?” मॅनेजर बघतच राहतो. “मंग जमत नाही बा,” म्हणून भाऊ बाहेर पडतात आणि पायरीवर बसून भाव लिहून घेतात. दोन लॉजांत फरक निघाला तर जो जास्त तो. तंबूनगरी आली तेव्हा तर वहीचं सोनं झालं. तिथल्या एका रात्रीचा भाव ऐकून भाऊ आधी हबकले, मग हरखले. तेव्हापासून सारंगखेड्याच्या ओळीत तंबूचाच भाव लागतो आणि एका यात्रेत पूर्वीच्या पाच वर्षांइतकी बचत होते. गावी आल्यावर पारावर वही उघडून दाखवतात. ज्यांना घोडीचा खर्च माहीत आहे तेही मान डोलावतात, कारण वाचलेले पैसे आकड्यात दिसतात आणि गेलेले कुठं लिहिलेले नाहीत.

वहिनींना अक्षरओळख नाही असा भाऊंचा गैरसमज असावा, नाहीतर वही फडताळात राहिली नसती. यंदा वेचणीच्या बाया गेल्यावर वहिनींनी ती काढली. पोराच्या मोबाइलवर शेवटच्या रकान्याची बेरीज केली. दुसऱ्यांदा केली. मग दुसऱ्या दिवशी भाऊंना घेऊन अकोल्याच्या सराफ्यात गेल्या, पाटल्यांची जोडी निवडली, वजन केलं आणि वही काउंटरवर ठेवली.

“एवढे वाचले ना तुमचे? म्हंजे हायेतच कोठीतरी. द्या मंग.”

भाऊ म्हणाले, ते तसे वाचलेले नाहीत. वहिनी म्हणाल्या, मग कसे? भाऊंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. जे कधी खर्च होणारच नव्हते ते वाचलेले पैसे, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. सराफ फार लक्ष देऊन ऐकत होता. वहिनींनी पाटल्या हातातून काढल्या नाहीत. शेवटी निम्मे रोख, निम्मे तुरीवर, असं ठरलं.

परवा सारंगखेड्याला पुन्हा गाठ पडली. राणी जनरेटरच्या उजेडात चणे चघळत होती, आणि भाऊ तंबूनगरीच्या टेबलापाशी कारकुनाशी हुज्जत घालत होते.

“भाव लय सांगून रायले तुमी. कमी करा ना.”

“घेता का तंबू, काका?”

“तंबू कायले घेऊ? मी घोडीपाशी निजतो.”

“मग कशाला कमी करू?”

“तुमी कमी करा अन् कागदावर लिहून द्या,” भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, “शिक्क्यानिशी. अन् मागच्या सालचाही.”