वळवासाठी अ‍ॅप निवडताना

वळीव हा मोसमी पावसाच्या आधी, मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडणारा पाऊस. तो बहुधा दुपारी तीननंतर पडतो, आणि शक्यतो ज्या गच्चीवर कुरडया वाळत असतील तिथेच पडतो. यातला दुसरा भाग हवामानशास्त्राने अद्याप मान्य केलेला नाही. घरोघरी मात्र त्याबद्दल दुमत नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात समुद्रावरून आलेले बाष्प असले, तर उंचावर त्याचे थेंब आणि आणखी वर बर्फाचे कण होतात. या बदलात सुटणारी उष्णता ढगाला अजून वर ढकलते आणि बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग उभा राहतो. अशा एकट्या ढगाचे आयुष्य अर्धा ते एक तास. तेवढ्यात तो धूळ उडवतो, विजा पाडतो, जमल्यास गारा टाकतो, एखादा मांडव आडवा करतो आणि संपतो. तो कोणत्या गल्लीत पडला आणि कोणत्या गल्लीत नाही, यावरचा वाद मात्र दोन दिवस चालतो.

अ‍ॅपची निवड गरजेवर अवलंबून असते आणि वळवाच्या काळातल्या गरजा ठरलेल्या आहेत. काढून शेतात पडलेला कांदा झाकायचा असतो. तासगावकडे शेडवर बेदाणा वाळत असतो, कोकणात हापूस अजून झाडावर असतो, लॉनवर संध्याकाळचे स्वागत समारंभ ठरलेले असतात. शहरात गच्चीवरचे वाळवण आणि दुचाकीवरून घरी परतणारे नोकरदार यांची भर पडते. याखेरीज आणखी एक वर्ग आहे. त्याचे काहीही वाळत नसते, त्याला कुठे जायचेही नसते, पण त्याच्या फोनवर हवामानाची पाच अ‍ॅप्स असतात. हा वर्ग बहुधा निवृत्त असून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘येतोय’ एवढाच मेसेज टाकतो. पाऊस आला नाही, तर ‘वळला’ असा दुसरा मेसेज टाकतो. या दोन मेसेजच्या बळावर त्याचा अंदाज आजवर चुकलेला नाही.

बहुतेकांचे पहिले अ‍ॅप फोनबरोबरच आलेले असते. त्यात हसरा सूर्य, एक ढग आणि काही आकडे असतात. हे आकडे सहसा जागतिक पातळीवरच्या संगणकीय प्रारूपांतून येतात. ही प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले तापमान, वारा, आर्द्रता यांचे गणित पुढच्या दिवसांसाठी सोडवतात. युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपातला चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा आहे, अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपातला सुमारे 13 किलोमीटरचा. वळवाचा ढग कित्येकदा याहून लहान असतो. म्हणजे प्रारूपाच्या जाळीतून तो सहज निसटतो, आणि त्याच्याबद्दल प्रारूप जे सांगते ते पुष्कळसे अनुमान असते. शिवाय 9 किलोमीटरच्या एका चौकोनात कोथरूड, डेक्कन आणि कॅम्प असे तिन्ही भाग मावू शकतात. या तिन्हींना एकच समजण्याची चूक पुण्यात एखाद्या माणसाने केली असती, तर लोकांनी त्याला पत्ता सांगणे बंद केले असते. अ‍ॅपला ती माफ होते. प्रत्यक्ष पाऊस किती पक्षपाती असू शकतो, याचे टोकाचे उदाहरण 26 जुलै 2005 चे. त्या दिवशीचा पाऊस वळीव नव्हता, ऐन पावसाळ्यातला होता. पण चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात तो 75 मिलिमीटरच्याही आत राहिला.

आकड्यांमधला सर्वांत गैरसमज करून देणारा आकडा टक्क्यांचा. ‘दुपारी 4 वाजता 40 टक्के पाऊस’ याचा अर्थ 40 टक्के गावात पाऊस पडेल असा घेतला जातो, 40 टक्के वेळ पडेल असा घेतला जातो, आणि बेतानेच पडेल असाही घेतला जातो. खरा अर्थ साधारण असा की, अशी परिस्थिती शंभर वेळा आली, तर त्या ठिकाणी सुमारे चाळीस वेळा पाऊस होईल. या विधानाची थोरवी अशी की पाऊस आला तरी ते खरे आणि नाही आला तरी खरेच. राजकारणात असे विधान करायला अनेक वर्षांचा अनुभव लागतो.

एका प्रारूपाने समाधान न झालेले लोक विंडीसारख्या अ‍ॅपकडे वळतात. 2014 साली चेक प्रजासत्ताकात सुरू झालेल्या या अ‍ॅपमध्ये वाऱ्याच्या रेघा नकाशावर वाहताना दिसतात आणि वेगवेगळ्या प्रारूपांचे अंदाज शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. तुलनेचा हेतू चांगला आहे. सगळी प्रारूपे एकच सांगू लागली, तर भरवसा वाढतो. प्रत्येकाचे वेगळे असेल, तर परिस्थिती अनिश्चित आहे हे तरी कळते. व्यवहारात मात्र पत्रिका जुळेपर्यंत ज्योतिषी बदलावा, तशी प्रारूपे बदलली जातात. रविवारी लॉनवर समारंभ असेल, तर युरोपचे ढग बाजूला सारून अमेरिकेचे ऊन पसंत केले जाते. याच अ‍ॅपमध्ये ‘केप’ नावाचा एक थर आहे. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळू शकेल, हे तो दाखवतो. ही संख्या किलोग्रॅममागे 2000 ज्यूलच्या पुढे गेली की वादळाची तयारी चांगली झाली असे समजतात. पण तयारी म्हणजे वादळ नव्हे. साठलेली ऊर्जा सुटायला डोंगराचा उतार, दोन वाऱ्यांची गाठ असे काही निमित्त लागते. केप शब्द कळलेला माणूस हा भाग सहसा सांगत नाही, कारण तो सांगितल्यावर श्रोते उठून जातात.

आत्ता काय चालले आहे हे कळण्यासाठी प्रारूपापेक्षा रडार उपयोगी. डॉप्लर रडार सूक्ष्मलहरी सोडते. त्या थेंबांवर आणि गारांवर आपटून परत येतात. परतलेल्या लहरीच्या जोरावरून पावसाचा जोर कळतो आणि तिच्या बदललेल्या वारंवारतेवरून थेंब रडारच्या दिशेने येत आहेत की दूर जात आहेत हे कळते. मुंबईत कुलाबा आणि वेरावली येथे अशी रडार आहेत. चित्रात हिरवा रंग हलक्या पावसाचा, पिवळा-केशरी जोराचा आणि लाल-जांभळा सावध होण्याचा. मात्र पृथ्वी गोल असल्यामुळे रडारपासून जितके दूर जावे, तितका त्याचा झोत जमिनीपासून उंच जातो. दोनशे किलोमीटरवर सर्वांत खालचा झोतसुद्धा सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो, आणि मध्ये सह्याद्री उभा असेल तर तो अडतो तो वेगळाच. वैशाखाच्या कोरड्या हवेत वरून निघालेला पाऊस वाटेतच आटूनही जातो. म्हणून कधी रडारवर लालभडक डाग आणि अंगणात कोरडी धूळ, असा प्रकार घडतो. त्या दिवशी रडार खोटे बोललेले नसते. पाऊस निघाला होता, पोचला नाही, एवढेच.

‘तुमच्या इथे बारा मिनिटांत पाऊस सुरू होईल’ असे सांगणारी अ‍ॅप्स ही रडारचीच पुढची पायरी. डार्क स्काय हे त्यांतले गाजलेले अ‍ॅप. 2020 मध्ये अ‍ॅपलने ते विकत घेतले आणि 2022 च्या अखेरीनंतर ते बंद झाले. लागोपाठच्या रडारचित्रांवरून पावसाचा पट्टा कुठे सरकतो आहे ते पाहायचे आणि तो तसाच सरकत राहील असे धरायचे, ही त्याची रीत. अमेरिकेत रडारचे जाळे दाट आहे, तिथे ती बरी चालते. भारतात ते तितके दाट नाही, आणि वळवाचा ढग पुष्कळदा कुठून सरकत येत नाही. तो डोक्यावरच जन्माला येतो. ज्याने प्रवासच केला नाही, त्याची येण्याची वेळ सांगणे कोणत्याही अ‍ॅपला जड जाते.

विजेच्या बाबतीत विनोदाला जागा कमी आहे. भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत शेतात काम करणारे आणि झाडाखाली थांबलेले अनेक असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी अ‍ॅप यासाठी आहे. विजेपासून निघणाऱ्या रेडिओलहरी देशभर बसवलेली संवेदक यंत्रे टिपतात, त्यांवरून वीज कुठे पडली ते ठरते, आणि फोन जिथे आहे तिथून 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजा पडत असतील तर अ‍ॅप इशारा देते. इशारा आल्यावर अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढून पाठवण्याआधी पक्क्या घरात जावे, हा क्रम महत्त्वाचा. अ‍ॅप नसले तरी एक हिशेब सर्वांना जमतो: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. शेवटचा गडगडाट झाल्यावरही अर्धा तास बाहेर पडू नये.

सरकारी अ‍ॅप्स दिसायला साधी असतात. भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला. 1928 मध्ये त्याचे कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. विभागाचा पत्ता बदलला, लोकांनी त्याचे नाव आणि अंदाजाबद्दलचे मत मात्र जुनेच ठेवले. 2020 साली आलेल्या मौसम अ‍ॅपमध्ये पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज मिळतो, आणि वळवासाठी सर्वांत कामाचा भाग तोच. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशाऱ्यांचे रंग आहेत: पिवळ्यात लक्ष ठेवावे, नारिंगीत तयारीत राहावे, लालमध्ये हालचाल करावी. हा इशारा बहुधा जिल्ह्याला असतो. पुणे जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. लोणावळ्याचा माणूस आणि इंदापूरचा माणूस एकाच पिवळ्या रंगाखाली बसतात आणि त्यांपैकी एक जण हमखास नाराज होतो. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोगही मोघम नाही. पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. उरलेल्या 75 टक्क्यांत राहणारे लोक अंदाज चुकला असे म्हणतात. शेतीसाठी मेघदूत अ‍ॅप आहे. त्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पेरणी-फवारणीला तो उपयोगी पडतो, पण वळीव वार बघून येत नाही. आपत्तीचे इशारे स्थानिक भाषांत देणारे सचेत अ‍ॅपही जोडीला ठेवता येते.

या सर्वांआधीचे प्रारूप पंचांगात आहे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून पावसाच्या नक्षत्राचे वाहन काढायचे: बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर. हे प्रारूप वर्षातून एकदाच अद्ययावत होते आणि त्याचा एक अंदाज तेरा-चौदा दिवस चालतो. बॅटरी आणि नेटवर्क लागत नाही, ही त्याची बाजू भक्कम आहे. दुपारी 4 च्या पावसाबद्दल मात्र हत्तीकडे माहिती नसते.

निवडीचे निकष यातून ठरतात. अ‍ॅपमधले चित्र किती वेळापूर्वीचे आहे, हे आधी पाहावे. अर्ध्या तासापूर्वीचे रडारचित्र म्हणजे वळवाचे निम्मे आयुष्य उलटून गेलेले. अ‍ॅप पाहिलेला पाऊस दाखवते की गणिताने काढलेला, हे ओळखावे, कारण दोन्ही एकाच निळ्या रंगात रंगवण्याची पद्धत आहे. अ‍ॅपमध्ये गाव कोणते आहे ते तपासावे. मागच्या सुट्टीतले महाबळेश्वर तसेच राहिल्याने अनेक जण डोंबिवलीत स्वेटर घालून निघाले आहेत. सूचना चालू ठेवाव्यात, पण एकाच अ‍ॅपच्या. पाच अ‍ॅप्स एकदम वाजू लागली, की माणूस आकाश न बघता फोन बंद करतो. आणि वादळ आले की वीज जाते, मग टॉवर जातो, मग अ‍ॅप ‘इंटरनेट तपासा’ असे सांगते. स्वच्छ आकाशात अ‍ॅप सर्वांत उत्तम चालते, ही गोष्ट गृहीत धरावी. दोन दिवसांपुढच्या बेतासाठी प्रारूपांचे एक अ‍ॅप, तीन तासांसाठी तात्कालिक अंदाज, अर्ध्या तासासाठी रडार आणि दामिनी एवढे पुरते. त्याखालच्या पाच मिनिटांसाठी ढगातून कोसळणारा गार वारा असतो. तो पावसाच्या पुढे धावत येतो आणि त्याला कोणतीही परवानगी द्यावी लागत नाही.

ही निवड कायमची नसते. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. तो एकदा स्थिरावला, की पाऊस जिल्हेच्या जिल्हे व्यापतो, प्रारूपाचे चौकोन पुरेसे ठरतात आणि प्रत्येक अ‍ॅप रोज पाऊस सांगून रोज बरोबर ठरते. याच दिवसांत अ‍ॅप्सना पाच-पाच तारे मिळतात आणि जागा अडते म्हणून ती काढूनही टाकली जातात. ऑक्टोबरात मोसमी वारे परत फिरताना दुपारचे गडगडाटी ढग पुन्हा उभे राहतात, कापणीला आलेले भात शेतात असते, आणि काढून टाकलेली अ‍ॅप्स पासवर्ड आठवत पुन्हा डाउनलोड केली जातात.