टेबलाचे नामकरण: एक शास्त्रोक्त विधी

क्लाउड डेटाबेसमधल्या टेबलाला नाव देताना एकच तत्त्व पाळावे: नाव वाचून आत काय आहे हे कुणालाही कळता कामा नये. ज्याच्या टेबलाचा अर्थ सगळ्यांना कळतो त्याला रजेवर असताना कुणी फोन करत नाही, आणि ज्याच्यावाचून कुणाचे अडत नाही त्याला पगारवाढ कोण देणार? या कामात डेटाबेसही हातभार लावतो. स्नोफ्लेकमध्ये नाव साधे लिहिले तर ते कॅपिटल अक्षरांत साठवले जाते. डबल कोटात लिहिले तर जसेच्या तसे राहते. तेव्हा टेबल बनवताना स्मॉल अक्षरांतले नाव कोटात घालावे. पुढे कुणी कोटाशिवाय क्वेरी लिहिली की उत्तर येते, टेबल अस्तित्वात नाही किंवा तुम्हाला परवानगी नाही. यातला ‘किंवा’ लाखमोलाचा आहे. बिचारा परवानगीचे अर्ज करत बसतो, आणि टेबल समोरच्या यादीत ढळढळीत दिसत असते. पोस्टग्रेस साधे नाव स्मॉल करते, म्हणजे नेमके उलटे; दोन्हीकडे काम करणाऱ्यांची करमणूक दुप्पट.

शिस्तप्रिय मंडळी म्हणतील, स्नोफ्लेक २५५ अक्षरांपर्यंत नाव घेते, मग संक्षेप कशाला, सरळ पूर्ण नाव लिहा. त्यांना पोस्टग्रेस दाखवावे. तिथली मर्यादा ६३ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, तीन बाइट खाते. ‘ग्राहकांच्या_थकबाकीची_यादी’ असे शुद्ध नाव दिले तर ‘यादी’ छाटली जाते, सूचना तेवढी मिळते. मग ‘ग्राहकांच्या_थकबाकीची_वसुली’ बनवायला जावे, तर असे टेबल आधीच आहे म्हणून नकार! स्पष्टपणाचे हे फळ. (मराठीप्रेमींनी खचू नये, संक्षेपही मराठीत करता येतात.) दुसरा आक्षेप असा की नाव गूढ असले तरी कॉमेंटमध्ये खुलासा करण्याची सोय आहे. आहे ना. ती रिकामी ठेवण्याचीही आहे. आणखी प्रगती हवी असेल तर कायमच्या टेबलाच्याच नावाने तात्पुरते टेबल बनवावे. स्नोफ्लेक ते मुकाट्याने बनवू देते, आणि त्या सेशनपुरते मूळ टेबल झाकले जाते. क्वेरी बिनचूक चालते, फक्त आकडे भलतेच येतात.

उरली भीती एवढीच, की उद्या नवा साहेब येईल आणि सगळी नावे सुधारा म्हणेल. खुशाल म्हणू द्यावे. टेबलाचे नाव एका ओळीच्या आदेशाने बदलते. स्नोफ्लेकमध्ये त्या नावावर बेतलेले व्ह्यू मात्र आपोआप बदलत नाहीत, एकेक शोधून हाताने दुरुस्त करावे लागतात.