खाल्ल्याने वाढणारी बरणी

दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकी हा शेवटचा धडा. शेवटच्या पंगतीला जे वाढतात तेच याच्या वाट्याला येतं: उरलेलं, आणि तेही घाईघाईने. मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन सख्खी भावंडं आहेत एवढं मुलांना कळतं. थोरलं कोण, ते परीक्षेपर्यंत ठरत नाही. म्हणून यंदा मी वर्गात लिमलेटच्या नारिंगी गोळ्यांची बरणीच नेली.

"आत किती गोळ्या आहेत ते न मोजता सांगायचं."

"बाई, मोजून खाल्ल्या तर?"

हा प्रश्न मी ऐकला नाही. शिक्षकी पेशात ही कला लवकर येते.

रीत जुनीच आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना बिल्ले लावून परत पाण्यात सोडत. रीतीला नावही त्यांचंच आहे. ताडोबातल्या वाघांचा अंदाज घेतानाही तत्त्व हेच. कॅमेऱ्यात आलेला वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा आणि तोच पुन्हा किती वेळा दिसतो ते पाहायचं. वाघाला बिल्ला लावावा लागत नाही, ही वनखात्यावर निसर्गाची मोठीच कृपा.

गोळीला कसला बिल्ला लावणार? मी ५० नारिंगी गोळ्या काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी ५० हिरव्या टाकल्या, कैरीच्या चवीच्या. बरणी नीट हलवायची, न बघता ४० गोळ्या काढायच्या आणि त्यांत हिरव्या किती ते पाहायचं. ५० गुणिले ४०, भागिले सापडलेल्या हिरव्या, की झाला एकूण गोळ्यांचा अंदाज. आत ३०० होत्या, हे फक्त मला ठाऊक. म्हणजे नमुन्यात सहा-सात हिरव्या निघायला हव्या होत्या.

हलवण्याचं काम बाकाबाकावर वाटून दिलं. शेवटच्या बाकावर बरणी फारच मन लावून हलवली गेली.

नमुन्यात हिरव्या निघाल्या ४. उत्तर आलं ५००!

या रीतीची एक अट आहे: समष्टी बंद हवी. मोजणी संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. मासे आणि वाघही ती फारशी पाळत नाहीत, तिथे दहावी ब ची काय कथा! बरणी ओतून मोजली. नारिंगी सगळ्या जागेवर, हिरव्या मात्र २५. कैरीपुढे लिमलेट कोण खाणार? खुणेच्याच गोळ्या पोटात गेल्या, म्हणून नमुन्यात खुणा कमी आल्या आणि अंदाज फुगला. बरणीत २७५, कागदावर ५००. सगळ्या हिरव्या संपल्या असत्या तर शून्याने भागायची वेळ आली असती.

"म्हणजे बाई, खाल्ल्या की वाढतात?"

"फक्त हिरव्या खाल्ल्या तर."

शेवटच्या बाकावरून गंभीर आवाज आला, "मग आम्ही १२५ नारिंगी खाऊन उत्तर बरोबर करून देतो."

गणित अचूक होतं. दोन्ही रंग निम्मे झाले की प्रमाण पूर्ववत होतं आणि अंदाज पुन्हा ३०० च्या आसपास येतो. बरणीत मात्र १५० उरतात. वर्षभर वहीत गृहपाठ न दिसलेल्या मुलाने हे तोंडी केलं. मी त्याला एक गोळी दिली. नारिंगी.

शिक्षकबंधू-भगिनींनो, हा प्रयोग जरूर करा. बरणी स्वतः मोजून भरा, खुणेच्या गोळ्या बेचव निवडा, आणि मधल्या सुट्टीत बरणी शिक्षकखोलीत ठेवू नका. तिथली समष्टी तर मुळीच बंद नसते.