सोवळ्यातला बल्ब

तुमच्या सोसायटीत एक अण्णा आहेतच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडलं की लिफ्टची वाट न बघता तिसऱ्या मजल्यावरून जे खाली उतरतात, ते. कुणाकडच्या अण्णांचा विषय पाण्याची टाकी असतो, कुणाकडच्यांचा भटकी कुत्री. आमच्या अण्णांचा विषय हेडलाइटचा बल्ब. आणि त्या वर्षी माझी गाडी नेमकी बल्ब खात होती.

“उडाला?”

“उडाला.”

“काचेला हात लावला होतास?”

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की हल्ली आरशासमोर दाढी करतानाही हात चोरतो. अण्णांचं शास्त्र चुकीचं नाही, हीच अडचण आहे. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते आणि पेटल्यावर ती शेकडो अंशांनी तापते. बोटाचं तेल तिच्यावर राहिलं तर तेवढीच जागा जास्त तापते, काच तिथे फुगते, बल्ब जातो. पण अण्णांनी या माहितीचं सोवळं करून टाकलं. ज्या माणसाला देवापुढे हात जोडताना कुणी पाहिलेलं नाही, जो गणपतीच्या आरतीला मांडवाची वायरिंग तपासत उभा असतो, त्याच्या लेखी बल्ब मात्र ओवळा होतो.

बल्ब बदलण्याचा विधी असा: मागचा तीन पिनांचा कनेक्टर ओढायचा, रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप सोडवायची (ती निसटून बंपरच्या आत पडते, हा विधीचाच भाग आहे). मग अण्णा खिशातून रुमाल काढतात. हा रुमाल वेगळा धुतला जातो, नाक पुसायला तो मिळत नाही. सोबत स्पिरिटची बाटली. “पत्र्याला धर, पत्र्याला!” असं ते ओरडत राहतात, आणि शेवटी मला बाजूला सारून स्वतःच बसवतात.

एकदा मी त्यांना नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या पोराने बल्ब खोक्यातून काढला आणि काचेला दोन बोटांत धरून कौतुकाने आम्हाला दाखवला. अण्णांनी डोळे मिटले. “दुसरा दे.” पोराने निमूटपणे पहिला परत खोक्यात घातला, दुसरा दिला. घरी येईपर्यंत अण्णा अस्वस्थ. “तो आता कुणाच्या तरी पदरात पडणार रे,” असं निदान तीनदा म्हणाले.

पुढे हा प्रश्न बल्बापुरता राहिला नाही. चेअरमनांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अण्णा भेटायला गेले आणि विचारलं, “हात कुणी लावला?” चतुर्थीला काकूंचे मोदक उकडताना फुटले. अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “पारीला हात कोरडा लागला का?”

काकू म्हणाल्या, “नाही, पायाने वळले.”

उडालेले बल्ब अण्णा टाकत नाहीत. जुन्या डब्यांत गाडीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवतात. त्यांचा पंचनामा होतो. काच आतून पांढरी धुरकट झाली तर हवा शिरली. एका जागी फुगवटा असेल तर बोट. फिलामेंट तुटली आणि काच स्वच्छ असेल तर खड्डे, म्हणजे महानगरपालिका. माझ्या बल्बांच्या काचा आतून काळवंडलेल्या निघायच्या, फुगवटा कुठेच नसायचा. मी तो पुरावा त्यांच्या नाकासमोर धरला.

“ओझरता लागला असेल,” अण्णा म्हणाले.

शेवटी त्यांनीच एका रविवारी मल्टिमीटर आणला. इंजिन चालू करायला लावलं, ॲक्सिलरेटर दाबायला लावला आणि बॅटरीवर दोन टोकं टेकवली. चौदाच्या आसपास हवा असलेला आकडा पंधराच्या पुढे जाऊन बसला. अण्णांचा चेहरा उजळला, तसा माझा हेडलाइटही गेले काही महिने जरा जास्तच उजळत होता आणि मी त्यावर खूश होतो. “अल्टरनेटरचा रेग्युलेटर! पाच टक्के व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि तू इतके दिवस उजेड बघत बसलास.” रेग्युलेटर बदलला, बल्ब उडायचे थांबले. त्यांचे आभार मानायला गेलो तर दार उघडून म्हणाले, “तरी हात तू लावतच असणार.”

इथवर मी अण्णांवर वैतागूनच होतो. मग एकदा साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे एका बाजूचा दिवा गेला. (त्या वेळी कनेक्टर वितळला होता, प्रकरण वेगळं.) फोनवर सांगितलं, तर त्यांनी हाताचं विचारलंच नाही. “एका डोळ्याची गाडी समोरच्याला मोटरसायकल वाटते. तो तेवढीच जागा सोडतो. ढाब्यावर थांब, सकाळी नीघ.” अण्णा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात ऑटो इलेक्ट्रिशियन होते, हे मला माहीत होतं. रात्रीच्या गाड्या डेपोतून सुटताना दोन्ही दिवे बघितल्याशिवाय ते गाडी सोडत नसत, कंडक्टरने कितीही घंटी मारली तरी, हे काकूंनी नंतर सांगितलं. मी थांबलो. ढाब्यावरची खाट टोचत होती, हेही नमूद करतो.

आता मी एलईडी दिव्यांची गाडी घेतली आहे. अण्णा खाली आले, दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटमध्ये डोकावले.

“बल्ब कुठून बदलायचा?”

“बदलत नाहीत, अण्णा. गेला तर अख्खा दिवाच नवीन.”

किंमत सांगितली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे कुणी हात लावायलाच नको, अशी सोय केली आहे.”

पण त्यांचं दुकान बंद पडलेलं नाही. 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, बंद करायचं बटणच नाही. जेवण पोचवणारी पोरं दिवसभर त्याच दिव्यावर पुणं पालथं घालतात. ज्यांच्या गाडीला अजून हॅलोजन आहे, त्यांचे बल्ब पटापट जातात. परवा रात्री असाच एक पोरगा गेटवर आला, गाडी अंधारी. अण्णांनी त्याला अडवला, पस्तीस वॉटचा बल्ब घरून आणला, रुमाल काढला. पोराचा फोन वाजत होता, वर पाचव्या मजल्यावर चेअरमन बिर्याणीची वाट बघत होते. शेवटी ते गॅलरीत आले आणि ओरडले, “अहो, गार होतंय!”

“मग खाली या,” अण्णा वर न बघता म्हणाले, “आणि टॉर्च धरा. फक्त टॉर्च. बाकी कशाला हात लावू नका.”