वाचनातले आंतरपीक

यवतमाळच्या शेतकऱ्याने कापसात तूर घ्यावी, तसे जिल्ह्यातील सुजाण वाचकाने कादंबरीत चरित्र आणि चरित्रात कवितासंग्रह घ्यावा, हे धोरण सर्वस्वी स्तुत्य आहे. उशाशी सात पुस्तके, प्रत्येकात तिसाव्या पानावर खुणेला एसटीचे तिकीट. एक बुडाले तरी दुसरे तारते. एकच पुस्तक शेवटपर्यंत वाचण्याचा हट्ट धरल्यास वाचकाचा कस जातो. शासनाने आता पिकांप्रमाणे वाचनाचीही पैसेवारी काढावी. ती ५० पैशांच्या आत आल्यास वाचकाला दुष्काळग्रस्त घोषित करून उरलेली पाने सरसकट माफ करावीत.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तिथून पिशव्या भरभरून घरी आलेली पुस्तकेही तिसाव्या पानावर सुखरूप आहेत. अपवाद एकच. नियोजित उद्घाटक, इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले आणि व्यासपीठावर न झालेले त्यांचे भाषण लोकांनी मोबाइलवर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले.

सबब, प्रकाशकांना नम्र सूचना: पुस्तक आधी रद्द करावे, मग छापावे.