ऐसपैस मानसशास्त्र

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत पोरं रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये डबा ऐसपैस खेळायची. खेळ उत्तम चालला होता, कारण त्यात मी अजून लक्ष घातलं नव्हतं.

मग खेळांच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक हाती लागलं. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचताना जी पानं उलटतील ती आपली. माझ्या वाट्याला स्किनर आला. कबुतराला दाणा दर वेळी न देता अवचित दिला, तर ते चकतीवर चोच मारतच राहतं. कित्येक मोबाइल गेम याच युक्तीवर पोसलेत. म्हटलं, आपल्याकडे कबुतरंही आहेत आणि पोरंही.

नोटीस बोर्डावर, मेंटेनन्सच्या थकबाकीशेजारी, तक्ता लावला: डबा उडवला तर दहा पॉइंट, शिवाय मधूनच अवचित चॉकलेट. पहिल्या दिवशी झुंबड. पुढे कोणी लपेचना! लपलं तर आपले पॉइंट कोण खातंय ते कसं दिसणार? सगळे तक्त्यासमोर. एकाने शेजारची यादी वाचून आरोळी ठोकली, ‘पप्पा के तो हमसे भी जादा पॉइंट हैं!’ चॉकलेटं संपली तशी पोरंही पांगली. ‘अंकल, चॉकलेट नहीं, तो कौन खेलेगा?’

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एका बालवाडीत हेच पाहिलं होतं. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं. नंतर बक्षिसाविना ती इतरांच्या निम्माच वेळ रंगांपाशी रमली. हे प्रकरण पुस्तकात पुढे होतं. भाईंदर आधी आलं.

तक्ता काढला. काही दिवसांनी पोरं परतली, ती भांडतच. कोणाच्या गाडीमागे लपायचं नाही, टाइमप्लीज किती वेळा, राज्य कोणावर. खेळापेक्षा वाद लांबला, तरी एकही कंटाळलं नाही. गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांकडे पाहून पियाजेने १९३२च्या पुस्तकात मांडलं होतं की, नियम आपसात ठरवतानाच मुलांना न्याय उमगतो.

मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय म्हणत, आव्हान आणि कौशल्य तोडीस तोड असेल तर माणूस रंगून जातो. पोरांकडे त्याचीही सोय होती: चिमुरड्यांना कच्चा लिंबू करायचं, म्हणजे ती बाद झाली तरी त्यांच्यावर राज्य येत नाही.

न राहवून म्हटलं, ‘मलाही घ्या की.’

पोरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, कुजबुजली.

‘ठीक है. अंकल कच्चा लिंबू.’